सायलेन्सरचा घसरलेला स्क्रू: ईझी-आऊट मागवायच्या आधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ४३ सीसीचा टू-स्ट्रोक ग्रास कटर, तीन पावसाळे वापरलेला. यंदा ताकद कमी पडायला लागली, पूर्ण रेस दिली तरी पातं गवतात अडतं. सायलेन्सरमध्ये काजळी साचली असेल असं कुणी सांगितलं म्हणून तो काढायला घेतलात. दोन एलन (षटकोनी खाचेच्या) स्क्रूंपैकी वरचा सुटला. खालचा हलेना, आणि जोर केला तर एलन की आतल्या आत गोल फिरायला लागली. आता ईझी-आऊट (स्क्रूत भोक पाडून त्यात रुतवून फिरवायचं पाचरीसारखं अवजार) मागवावं की मशिन लेथवाल्याकडे न्यावं, असं विचारताय.

मी कुडाळ भागात फवारणी पंप, ग्रास कटर आणि पेट्रोलवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो, वीस-बावीस वर्षं झाली. आंबा-काजूच्या बागा साफ करायच्या दिवसांत हाच स्क्रू अडकलेलं मशिन आठवड्याला एखादं तरी येतं. त्यातल्या निम्म्यांवर आधी कुणीतरी हात साफ करून घेतलेला असतो. तुम्ही की घसरल्याबरोबर थांबलात, हे फार बरं केलंत.

अडचण एकच दिसते, पण आहेत दोन. स्क्रूच्या डोक्यातली षटकोनी खाच गोल झाली, ही एक. सिलिंडरमध्ये आटे धरलेत, म्हणजे जाम झालेत, ही दुसरी, आणि पहिली झाली ती या दुसरीमुळे. ईझी-आऊट फार तर पहिलीवर उपाय आहे, म्हणजे फिरवायला पकड देतं. आटे तसेच धरलेले राहिले तर नवी पकडही घसरणार, नाहीतर स्क्रू तुटणार. शिवाय स्क्रू दहा रुपयांचा, आणि तो ज्या भोकात बसलाय ते भोक सिलिंडरचं आहे. म्हणून मी असल्या कामात प्रत्येक पायरीला एकच गोष्ट विचारतो: हे जमलं नाही तर भोकाचं काय होईल? ज्या उपायाने भोकाला काहीच होत नाही तो आधी, धोक्याचे नंतर.

आटे का धरतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, स्क्रू पोलादाचा. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, त्यात आपल्याकडची खारी हवा, की ॲल्युमिनियम गंजतं. त्याचा गंज पांढरा, पिठासारखा असतो आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे आट्यांमधली फट ठासून भरून टाकतो. त्यावर एक्झॉस्टची उष्णता आणि टू-स्ट्रोकचं जळलेलं ऑइल. मशिन डिसेंबरपासून जूनपर्यंत पडवीत उभं, मग जुलैत थेट कामाला. आणखी एक कारण माणसाचं आहे. या मशिनचे सायलेन्सर थरथरीने ढिले होतात, म्हणून लोक दरवेळी अंगात आहे तेवढ्या ताकदीने आवळतात.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट कदाचित उलटी वाटेल: सुटलेला वरचा स्क्रू परत लावा आणि हलका आवळा. एक स्क्रू निघाला की सायलेन्सर दुसऱ्यावर लोंबकळतो, किंचित तिरका होतो आणि अडकलेल्या स्क्रूवर आडवा दाब देतो. नुसतं एवढं केल्यावर खालचा स्क्रू सुटला, असंही माझ्या हातून झालंय. आपला दोष निस्तरल्यासारखं वाटतं तेव्हा.

मग खाच साफ करा. तिच्यात काजळी आणि माती सिमेंटसारखी बसलेली असते, त्यामुळे की पूर्ण खोल जातच नाही, वरच्या कडेवर फिरते आणि कड खाते. जाड सुई किंवा जुनं बारीक ड्रिल हातात धरून तळापर्यंत कोरा. त्यानंतर की तपासा. या मशिनवर बहुधा ६ मिलिमीटरचा स्क्रू असतो आणि त्याला ५ मिलिमीटरची की लागते. बाजारातल्या मिश्र संचात इंची मापाची ३/१६ की असते, ती ४.७६ मिलिमीटर भरते. डोळ्याला दोन्ही सारख्याच, खाचेत दोन्ही जातात, पण जोर आला की इंचवाली घसरते. मशिनसोबत मिळालेली की असेल तर तिचे कोपरे झिजलेत का पाहा. झिजली असेल तर टोकाचा अर्धा सेंटिमीटर ग्राइंडरवर, पाण्यात बुडवत बुडवत, सरळ उडवा. नवे कोपरे मिळतात.

तेलाबद्दल. सगळे जण स्क्रूच्या डोक्यावर स्प्रे मारतात आणि रात्रभर ठेवतात. तुमच्या स्क्रूला त्याचा काही उपयोग नाही. हा स्क्रू सायलेन्सरच्या आरपार जातो, पाच-सहा सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचे आटे शेवटच्या टोकाला, पॅकिंगच्या पलीकडे सिलिंडरमध्ये असतात. तेल तिथे पोचायला हवं. म्हणून सायलेन्सर आणि सिलिंडर जिथे टेकतात त्या फटीत, स्क्रूच्या दांड्याच्या बाजूला, मशिन कलतं ठेवून तेल सोडा. गंज सोडवणारा स्प्रे असेल तर उत्तम, नसेल तर डिझेल चालेल. डब्ल्यूडी-४० मारू का, असं पुढे विचाराल. त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, मूळ काम ते. थोडं झिरपतं, नसण्यापेक्षा बरं. पण कुठलंही तेल ॲल्युमिनियमचा गंज विरघळवत नाही, फक्त तडा गेल्यावर आत शिरून सरकायला मदत करतं. तडा आपण पाडायचा.

तडा पाडायचे दोन मार्ग, ठोका आणि उष्णता.

ठोक्यासाठी सपाट टोकाचा पंच डोक्यावर धरा आणि पाव किलोच्या हातोडीने सरळ, स्क्रूच्या रेषेत, दहा-बारा टपले मारा. टपलेच, घण नाही. मशिन दुमडलेल्या गोणपाटावर ठेवा. सायलेन्सरच्या बरोबर पलीकडे कार्ब्युरेटर असतो, त्याच्यावर भार येऊ देऊ नका. आडवा ठोका एकही नको, कारण सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पट्ट्या बिस्किटासारख्या तुटतात.

उष्णतेचं गणित सोपं आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दीडशे अंश तापमान वाढलं तर ६ मिलिमीटरच्या भोकात फरक पडतो मिलिमीटरचा शंभरावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण ठासून बसलेल्या पिठाला फोडायला पुरतो. हीट गन असेल तर पेट्रोलची टाकी आणि प्लास्टिकचं कव्हर काढून दूर ठेवा, आणि स्क्रूचं डोकं न तापवता सिलिंडरचा तो भाग, जिथे आटे आहेत, चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला पाहिजे. हीट गन नसेल तर वरचा स्क्रू परत लावलाय त्याचा आणखी एक फायदा घ्या: मशिन चालू करून पाच-सात मिनिटं पळवा, बंद करा, प्लगची कॅप काढा आणि चामड्याचे हातमोजे घालून लगेच कामाला लागा. ते स्वतःच तापून मिळतं.

गॅसची उघडी ज्योत मात्र लावू नका. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, सिलिंडरचा ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही. आहे तसा राहतो, राहतो, आणि एकदम लोळतो. तापलेल्या भागावर कार्ब क्लीनर किंवा तसला दुसरा स्प्रेही नको, पेटतो. त्याऐवजी जुन्या मेकॅनिकांची मेणबत्ती वापरा. तापलेल्या दांड्याला फटीपाशी मेण टेकवलं की ते पातळ होऊन आट्यांकडे ओढलं जातं.

आता पकड. गोल झालेल्या ५ मिलिमीटरच्या षटकोनात टी-३० मापाचा, सहा पाकळ्यांचा टॉर्क्स बिट हातोडीने ठोकून बसवा. पाकळ्या गोल झालेल्या भिंतीत रुततात आणि ठोकताना आट्यांना आणखी एक धक्का मिळतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. बिट चांगल्या पोलादाचा घ्या, सस्ता बिट आत तुटला तर तो ड्रिल होत नाही. डोकं उघड्यावर असेल तर बाहेरून ग्रीप प्लायरनेही धरता येतं. त्याआधी डोक्याच्या दोन बाजू कानशीने घासून सपाट केल्या तर पकड बसते. तुमच्या मॉडेलमध्ये डोकं सायलेन्सरच्या खोलगट भागात असेल तर हा मार्ग बंद.

फिरवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने. एक केसभर. हललं की मग सोडायच्या दिशेने. हालचाल मिळाली की एका दमात काढायचा मोह होतो, तो टाळा. पाव फेरी बाहेर, थोडी आत, पुन्हा तेल, पुन्हा बाहेर. सुटलेली पावडर आट्यांत अडकून परत धरते आणि तिथेच स्क्रू तुटतो. हाताला स्प्रिंगसारखं, लवचिक लागलं तर समजा स्क्रू पिळतोय, फिरत नाहीये. थांबा, परत तापवा. आणि हा स्क्रू सरळ आट्यांचाच आहे, उलट्या नाही, ही खात्री असू द्या. हे सांगायचं कारण, याच मशिनच्या पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो, आणि तो सरळ समजून पाइप लावून आवळत बसलेले लोक मी पाहिलेत.

हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळाला तर आणखी छान. तो ठोक्याबरोबर बिट आत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, म्हणून घसरत नाही. दिशा सोडायची आहे का ते आधी बघा. मी स्वतः एकदा चार ठोके आवळायचे मारलेत.

तापवणं-ठोकणं-फिरवणं हे तीन-चार वेळा करून झालं, तरी नाही? मग डोकं उडवा. तुमच्या बाबतीत याची भीती वाटायचं कारण नाही, उलट आरपार स्क्रूला हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे. ६.५ मिलिमीटरचं धारदार ड्रिल घ्या. गोल झालेली खाच त्याला आपोआप मध्यावर धरते, सेंटर पंचची (मध्यावर खूण पाडायच्या टोकदार पंचची) गरज नाही. हळू वेग, थेंबभर ऑइल, आणि डोक्याची जाडी, म्हणजे ६ मिलिमीटर, गेली की डोकं अंगठीसारखं ड्रिलवर चढून येतं. त्या क्षणी स्क्रूवरचा ताण संपतो. वरचा स्क्रू काढा, सायलेन्सर सरकवून बाहेर घ्या. समोर पाच-एक सेंटिमीटरचा दांडा उभा असेल. मघाशी जो स्क्रू हलत नव्हता तो आता ग्रीप प्लायरने पुष्कळदा मुकाट्याने फिरतो, कारण डोक्याखालचं घर्षण गेलेलं असतं आणि तेल-उष्णता थेट आट्यांपाशी देता येते.

सायलेन्सर निघाल्याबरोबर एक काम विसरू नका. एक्झॉस्टचं तोंड आता उघडं आहे. स्टार्टरची दोरी हळू ओढत पिस्टन वर आणा, म्हणजे तोंड पिस्टनने झाकलं जातं, आणि वर फडक्याचा बोळा घाला. पोलादाचा एक कीस आत गेला तरी सिलिंडरला उभी रेघ पडते.

दांडाही हट्टी निघाला तर वेल्डिंगवाला गाठा. दांड्यावर ६ नंबरचा नट घालून आतून वेल्ड करायचा. नटाला पाना बसतो हा एक फायदा, खरा फायदा म्हणजे स्क्रू स्वतः लालबुंद होऊन थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड फुटते. तुम्ही आधी इग्निशन कॉइल काढून ठेवा, आणि त्याला सांगा, अर्थिंगचा चिमटा सिलिंडरलाच, जवळ लाव. नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

आता तुमच्या ईझी-आऊटकडे येतो. वाईट अवजार नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. जास्त आवळल्याने स्क्रूचं डोकं तुटलं आणि आटे मोकळे आहेत, तिथे ते झकास चालतं. धरलेल्या आट्यांत त्याची पाचर स्क्रूला आतून फुगवते, म्हणजे आणखी घट्ट करते. शिवाय ६ मिलिमीटरच्या स्क्रूला ३ मिलिमीटरच्या आसपासच्या भोकात बसणारं ईझी-आऊट लागतं, ते काडीसारखं. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या फवारणी पंपात माझं तुटलं. ते इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर नुसतं किंचाळतं. ड्रिल बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरलं, भोक अंड्यासारखं झालं, आणि शेवटी सिलिंडर पदरच्या पैशाने बदलून दिला. तेव्हापासून धरलेल्या स्क्रूला मी ते लावत नाही. मागवायचंच असेल तर उलट्या धारेची ड्रिलं मागवा. ती सोडायच्या दिशेने कापतात, आणि भोक पाडता पाडता स्क्रू स्वतःच फिरून बाहेर आला असं बऱ्याचदा होतं.

दांडा सिलिंडरच्या पृष्ठभागाशी तुटला तर शेवटचा उपाय म्हणजे ड्रिलने खाऊन टाकणं. तुटलेला भाग कानशीने सपाट करायचा, बरोबर मध्यावर सेंटर पंच, मग ३, ४ आणि शेवटी ५ मिलिमीटर. मध्य अचूक साधला असेल तर ५ नंतर आट्यांचं नुसतं वेटोळं उरतं, ते सुईने ओढून काढायचं आणि ६ चा टॅप (आटे पाडायचं अवजार) हलक्या हाताने फिरवायचा. मध्य चुकला तर हेलीकॉइल, म्हणजे भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी. बरेच जण सरळ ८ चा टॅप मारतात. इथे मी ते करणार नाही. भोकाभोवतीची भिंत पातळ आहे, आणि मग सायलेन्सरचं भोकही मोठं करावं लागतं.

थोडं विषयांतर, पण उपयोगी. काजळी काढूनही ताकद आली नाही तर पुढे तुम्ही कार्ब्युरेटर उघडाल. त्यावरचे बारीक फुलीचे स्क्रू बघा. डोक्यावर एक बारीक ठिपका दिसला तर ते जपानी मापाचे आहेत. आपला नेहमीचा फिलिप्स स्टार ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण त्याचं टोक आधी तळाला टेकतं आणि बाजू भिडतच नाहीत, म्हणून तो वर उचलून घसरतो. जपानी मापाचा ड्रायव्हर मिळतो. मी मात्र वर्षानुवर्षं एका जुन्या ड्रायव्हरचं टोक अर्धा मिलिमीटर घासून वापरतोय. त्या स्क्रूंना ठोका मात्र अगदी नाजूक, ते कार्ब्युरेटरच्या मऊ अंगात आहेत.

परत लावताना जुने दोन्ही स्क्रू फेका, चांगला आलाय तोसुद्धा. नव्यांवर डोक्याला ८.८ (मजबुतीचा दर्जा) लिहिलेलं असावं. आट्यांना कॉपर ग्रीस चोळा. साधं ग्रीस तिथे जळून पुन्हा चिकटा होतो, आणि लाल लॉकटाइट (आटे पक्के चिकटवणारा गोंद) तर मुळीच नको, नाहीतर पुढच्या वर्षी हेच पुन्हा. पॅकिंग नवं घाला. आवळताना की तिच्या आखूड बाजूने धरून नुसत्या मनगटाचा जोर. ६ च्या स्क्रूला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. मग मशिन दहा मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि एकदा परत तपासा, पॅकिंग बसल्यामुळे पाव फेरी नक्की मिळते. ढिलं व्हायचं मूळ तिथे आहे. सीझन संपला की दोन्ही स्क्रू एकदा सोडून, ग्रीस लावून परत आवळून ठेवा.

राहता राहिला लेथवाला. तापवण्यापर्यंतचं सगळं घरी करा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. डोकं उडवायचं काम हातात ड्रिल स्थिर राहत असेल तर तुम्ही, नाहीतर त्याला करू द्या. दांडा पृष्ठभागाशी तुटला की मात्र घरी भोक पाडायला बसू नका, तसंच त्याच्याकडे न्या. न्यायच्या आधी सिलिंडर मशिनवरून उतरवा, म्हणजे त्याला तो ड्रिल प्रेसखाली सरळ धरता येईल. टाकी-दांड्यासकट अख्खं मशिन नेलंत तर तो हातातल्या ड्रिलनेच भोक पाडेल, आणि मग ते तिरकं जाईल.